पत्र्यातून गोल चकती कापायची तर आधी पत्रा धरायचं बघा

प्रश्न असा आहे की 18 गेजच्या (म्हणजे साधारण 1.2 मिमी जाड) एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून 12 इंचाची गोल चकती काढायची, तिच्या मधोमध 3 इंचाचं भोक, चुलीचं धुराडं पत्र्याच्या छतातून वर काढायचंय त्याला कॉलर म्हणून. घरात साधी ड्रिल मशीन, 4 इंची ग्राइंडर, जिगसॉ एवढंच आहे आणि बोटं शाबूत ठेवून करायचंय. बरोबर विचारलंत, कारण यूट्यूबवर हेच काम दोन मिनिटांत दाखवतात, पायाखाली पत्रा दाबून, ग्राइंडरचं गार्ड काढून, आणि मग आपल्याला वाटतं की हे असंच करतात.

मी फॅब्रिकेशनच्या कामात आहे आणि माझं म्हणणं एकच आहे, पत्र्याच्या कामात लोक कटिंगचं टूल कोणतं यावर डोकं लावतात आणि पत्रा कसा धरायचा ते शेवटी बघतात. उलटं करा. जखमा ब्लेडने कमी होतात, सुटलेल्या पत्र्याने जास्त होतात. ड्रिल पत्र्यातून आरपार जाताना बिटचे काठ अडकतात आणि हातात धरलेला पत्रा पंख्याच्या पात्यासारखा गरागरा फिरतो, आणि त्या पत्र्याची न घासलेली कड म्हणजे सुरीच. म्हणून पहिला नियम, छोटा तुकडा असो की मोठा, हाताने धरून भोक पाडायचं नाही, "एकच तर भोक आहे" म्हणून पण नाही.

तर धरायचं कसं. तुमच्या कामाला मी म्हणेन सँडविच करा. खाली 6 मिमी प्लाय, मग पत्रा, वर 4 मिमीचा प्लाय किंवा जुना हार्डबोर्ड, आणि चार कोपऱ्यांत, म्हणजे जो भाग वाया जाणार आहे तिथे, आरपार नट-बोल्ट. 12 इंचाच्या चकतीला साधारण 14 इंचाचा चौकोन घ्या म्हणजे कोपऱ्यांत बोल्टला जागा राहते. आता हे सगळं एक जाड फळी झाली, तिला टेबलाला दोन-तीन सी-क्लॅम्पने पकडायचं. याचा दुसरा फायदा ब्लेडला होतो. पातळ पत्र्यात ब्लेडचे निदान दोन-तीन दात एकावेळी रुतलेले असावेत असं म्हणतात. आता हिशोब करा, इंचाला 24 दात असलेल्या ब्लेडमध्ये दोन दातांत साधारण 1 मिमी अंतर आणि तुमचा पत्रा 1.2 मिमी, म्हणजे जेमतेम एक दात. मग काय होतं, दात पत्र्याच्या कडेला अडकतो, पत्रा ब्लेडबरोबर वरखाली नाचतो, आवाज असा की शेजारी येऊन विचारतील, आणि शेवटी ब्लेड मोडतं. दोन्हीकडून प्लाय असला की पत्र्याला नाचायला जागाच नसते, आणि बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहणारे खरखरीत काटे, पण कमी येते.

मार्किंग वरच्या प्लायवर करा. मात्र कापायच्या आधी पाइप मोजा, खरंच मोजा, व्हर्नियरने. "3 इंची" म्हणून दुकानात जे मिळतं त्यात फरक असतो, पत्र्याचा धुराड्याचा पाइप असेल तर बाहेरून साधारण 76 मिमी भरेल, पण पाण्याच्या लाइनचा 3 इंची लोखंडी पाइप असेल तर तो बाहेरून 88.9 मिमी असतो, कारण तिथलं 3 इंच हे नावाचं माप आहे. लोक 76 चं भोक पाडून बसतात आणि मग संध्याकाळभर कानस मारतात. बाहेरचं माप घ्या, त्यात 2-3 मिमी मिळवा, पाइप तापला की फुगतो त्याला तेवढी ढील पाहिजे.

मोठा कंपास नसेल तर लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडा, एकात खिळा, दुसऱ्यात सुई, झालं काम. पत्र्यावर थेट मार्क करायचं असेल तर आधी काळ्या मार्करने रंगवून घ्या आणि वर सुईने ओढा, रेघ पांढरी चमकते. सेंटर पंच मारल्याशिवाय ड्रिल लावू नका, बिट सरकतं आणि सेंटरच हललं तर पुढचं सगळं वाकडं.

आता क्रम. आधी आतलं भोक की आधी बाहेरचा गोल? आधी आतलं. कारण तेव्हा पत्रा चौकोनी आहे, कोपरे बोल्टने बांधलेले आहेत, क्लॅम्प लावायला चार बाजू आहेत. बाहेरचा गोल आधी काढला तर हातात एक गुळगुळीत चकती उरते, तिला पकडायला काही नाही आणि त्यात 3 इंचाचा होल सॉ (ड्रिलला लागणारी, कडेला दात असलेली वाटीसारखी करवत) लावायचा म्हणजे संकट ओढवून घेणं.

होल सॉ. बाय-मेटलचा घ्या, पाइपच्या मापात ती 2-3 मिमी ढील मिळवून येईल त्या मापाचा, आणि इथे सगळ्यात जास्त चुकतं ते म्हणजे स्पीड. 76 मिमीच्या होल सॉला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला 115 च्या आसपास फेरे पाहिजेत. स्टेनलेसला त्याच्या निम्मे. आणि आपल्या घरातली साधी इम्पॅक्ट ड्रिल पूर्ण दाबली की अडीच-तीन हजारावर जाते. म्हणजे वीस-पंचवीसपट जास्त. मग काय, दात लाल होतात, दोन मिनिटांत होल सॉ बोथट, आणि मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तो अडकतो आणि मशीनच मनगटाभोवती फिरते. बॅटरीवाली ड्रिल असेल तर गिअर 1 वर ठेवा, क्लच आधी मधल्या आकड्यावर लावून बघा म्हणजे अडकलं तर क्लच कटकट करेल, मनगट नाही. वायरवाली असेल तर ट्रिगर हळू दाबता येतो का बघा, हॅमर मोड बंद, आणि बाजूचं हँडल लावल्याशिवाय सुरू करू नका. ते हँडल लोक पहिल्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकतात. कापताना थेंब थेंब तेल, कटिंग ऑइल नसेल तर इंजिन ऑइल पण चालतं, आणि अधूनमधून बाहेर काढून बुरादा झटकायचा, हाताने नाही, ब्रशने. होल सॉ पत्र्यातून पार झाला की थांबा, खालचा प्लाय पूर्ण कापू नका, कारण त्या प्लायमधलं सेंटरचं भोक पुढे लागणार आहे.

होल सॉ विकत घ्यायचा नसेल, एकाच भोकासाठी कशाला खर्च, तर आमच्या जुन्या मिस्त्रींची पद्धत आहे, साखळी भोकं. 76 चा पाइप आणि 2 मिमी ढील म्हणजे 78 चं भोक पाहिजे ना, मग 72 मिमीचं वर्तुळ आखा, त्यावर 5 मिमीच्या बिटने साडेपाच-साडेपाच मिमीवर भोकं पाडत जा. परिघ 226 मिमी, म्हणजे चाळीसेक भोकं होतील. बाहेरच्या रेघेला अर्धा मिमी शिल्लक राहतो तो कानशीला. मधल्या बारीक भिंती छिन्नीने तोडायच्या, पत्रा जाड लोखंडी ठोकळ्यावर किंवा निबर लाकडावर ठेवून, आणि मग अर्धगोल कानस. कंटाळवाणं आहे हो, पण यात काही फुटत नाही, काही गरागरा फिरत नाही. बाजारात एक सर्कल कटर पण मिळतो, मध्ये बिट आणि बाजूला एक आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला कटर, स्वस्त असतो म्हणून लोक उचलतात. तो हातातल्या ड्रिलला लावू नका. एकाच बाजूला वजन, एकाच टोकाला कटिंग, बाहेर फिरणारा दांडा नजरेला दिसत पण नाही. खांबवाली ड्रिल मशीन असेल, सगळ्यात कमी स्पीड असेल आणि पत्रा क्लॅम्प केलेला असेल तरच, आणि तेव्हाही हात वीतभर लांब.

खांबवाल्या ड्रिलचा विषय निघालाच तर एक सांगतो, पत्र्याची लांब बाजू आपल्या डाव्या हाताला ठेवून मागे खांबाला टेकवा. बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, पत्रा अडकला तर डावी बाजू मागे जाते आणि खांबावर आदळून थांबते, तुमच्या पोटावर येत नाही. क्लॅम्प तर लावायचाच, हे वरून.

आता बाहेरचा 12 इंचाचा गोल. जिगसॉ आहे म्हणता, छान. ब्लेड मेटलचं, बॉशचं घेतलंत तर टी 118 ए हे 1 ते 3 मिमी पत्र्यासाठी आणि टी 118 जी त्याहून पातळासाठी असतं, बाकी कंपन्यांची पण अशीच येतात, पाकिटावर जाडी लिहिलेली असते ती बघा. जिगसॉवर एक खटका असतो ज्याने ब्लेड पुढेमागे झुलतं, तो शून्यावर. स्पीड मधला. गोल काढायला एक पट्टी करा, एक टोक जिगसॉच्या बेसला, दुसऱ्या टोकाला खिळा, खिळा सेंटरच्या भोकात. वरच्या प्लायची मधली चकती होल सॉबरोबर निघून गेलेली असेल, तेव्हा त्या 3 इंचाच्या भोकात प्लायचा गोल तुकडा बसवा आणि सेंटर खालच्या प्लायमधून वर आणा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही, खिळा ब्लेडच्या दातांच्या अगदी बाजूला, काटकोनात पाहिजे. तो पुढे किंवा मागे असला की ब्लेड सतत आत नाहीतर बाहेर ओढलं जातं, आणि फिरून आलात की सुरुवात आणि शेवट जुळत नाही, गोगलगाय तयार होते. सुरुवातीला रेघेच्या बाहेर 10 मिमीचं भोक पाडून ब्लेड आत घाला. ढकलू नका, मशीनला तिच्या गतीने जाऊ द्या. कापत जाल तसे क्लॅम्प सरकवा, आणि शेवटचा तीन-चार इंचाचा भाग राहिला की थांबून चकतीच्या बाजूलाही एक क्लॅम्प लावा, नाहीतर शेवटी चकती खाली लोंबते, ब्लेड चिमटतं आणि काडकन मोडतं.

पत्र्याची कात्री पण चालेल, 18 गेज म्हणजे हाताच्या कात्रीची हद्द आहे, हात दुखतील पण होईल. डबल लिव्हरच्या कात्र्या रंगावर असतात, लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. पिवळीने गोल कापायचा हट्ट लोक का करतात कळत नाही. आणि एकदम रेघेवर जाऊ नका. आधी रेघेच्या अर्धा इंच बाहेरून ढोबळ गोल काढा, मग दुसऱ्या फेरीत रेघेवर, कारण बाहेरची पट्टी बारीक असली की ती आपोआप गुंडाळून बाजूला होते आणि कात्रीला वाट मिळते, रुंद पट्टी वळत नाही आणि मग चकतीच वाकते. कात्री प्रत्येक वेळी टोकापर्यंत मिटवू नका, थोडी उघडी असतानाच पुढे सरकवा, टोक मिटलं की तिथे एक काटा राहतो आणि तोच काटा नंतर तळहातात घुसतो. ती निघालेली पट्टी लगेच पिंपात टाका, जमिनीवर नको.

निबलर नावाचं, पत्रा कुरतडत कापणारं एक अटॅचमेंट ड्रिलला लागतं. मला विचाराल तर घरगुती गोल कामाला सगळ्यात सुरक्षित हेच, पत्रा वाकत नाही, ठिणगी नाही, आडवा जोर नाही. फक्त चंद्रकोरीच्या आकाराचे बारीक तुकडे सगळीकडे उडतात, ते चपलेच्या तळव्यात रुततात, मुलांच्या पायात जातात, बाइकच्या टायरमध्ये पण. खाली जुनी चादर अंथरा आणि शेवटी चुंबक फिरवा. स्टेनलेसचे तुकडे चुंबकाला नीट लागत नाहीत, तिथे झाडूच.

आणि आता ग्राइंडर, कारण मला माहिती आहे तुम्ही शेवटी तोच उचलणार. कटिंग व्हील सरळ कापायला बनवलेलं आहे. 1 मिमी जाडीचं ते व्हील खाचेत असताना गोल वळवायला गेलात तर त्याला बाजूने ताण पडतो, आणि तशा ताणाने ते फुटतं. 100 मिमीच्या व्हीलवर 15,300 फेरे ही हद्द छापलेली असते, म्हणजे कडेचा वेग सेकंदाला 80 मीटर, त्याचा तुकडा डोळ्याकडे आला तर पापणी मिटायला वेळ नाही. म्हणून गोल कापू नका, सरळ कापा. चौकोनाचे कोपरे छाटून अष्टकोन करा, मग सोळा बाजू. 12 इंचाच्या म्हणजे साधारण 300 मिमीच्या चकतीत अष्टकोनाचा कोपरा रेघेबाहेर 12 मिमी राहतो, सोळा बाजू केल्या की 3 मिमी, बत्तीस केल्या तर पाऊण मिमीपेक्षा कमी. सोळापर्यंत व्हीलने या, पुढचं फ्लॅप डिस्कने, म्हणजे ग्राइंडरला लागणाऱ्या घासायच्या चकतीने. वेळ तेवढाच लागतो, उलट कमी.

गार्ड काढायचं नाही. 4 इंचीला 5 इंची व्हील बसत नाही म्हणून गार्ड काढतात, ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे लाकडाचं दातेरी ब्लेड ग्राइंडरला लावणं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, एवढंच सांगतो की ते आमच्या शॉपमध्ये कुणाकडे दिसलं तर भंगारात जातं. व्हीलच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती एक्सपायरी आहे, त्यातला चिकट पदार्थ ओल धरून कमजोर होतो. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर पडलेलं व्हील तारीख शिल्लक असली तरी वापरू नका. पडलेलं, टवका उडालेलं पण नाही. अॅल्युमिनियम लोखंड कापायच्या व्हीलने कापू नका, मऊ धातू व्हीलमध्ये भरतो, तापतो, आणि व्हील अडकतं. ठिणग्या कुठे जातायत ते आधी बघा, गॅसची नळी, थिनरचा डबा, लाकडाचा भुसा. आणि अंगणातली पांढरी फरशी किंवा गाडीची काच पण, ठिणगी तिथे चिकटते आणि आठ दिवसांनी गंजाचे ठिपके दिसायला लागतात, मग घरात ऐकून घ्यावं लागतं.

एक गोष्ट वेगळी सांगतो कारण याच्यात माणसं जातात. पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून भंगारवाल्याकडून जुना ड्रम आणून ग्राइंडर लावू नका. डिझेल, थिनर, केमिकलचा ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ असते, पेटायला एक ठिणगी पुरते. धुतला म्हणून सुरक्षित झाला असं नसतं, शिवण्यांत अंश राहतो. सरळ नवीन शीट घ्या.

हातमोजे कधी? पत्रा उचलताना, कात्रीने कापताना, पट्ट्या गोळा करताना, जाड आणि कापाला टिकणारे. ड्रिल आणि होल सॉ चालवताना काढून ठेवा. बिटने मोज्याचा धागा पकडला तर तो बोटासकट गुंडाळतो. लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन, हातातला दोरा, हे सगळं त्याच कारणासाठी नको. ग्राइंडरला घट्ट बसणारे चामड्याचे चालतात. गॉगल बाजूने बंद असलेला, नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, आणि ग्राइंडर असेल तर त्यावर फेस शील्ड. कानात बोळे. पायात बूट, स्लिपर घालून हे काम करणारे रोज दिसतात.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका, मित्राला रुमालाच्या टोकाने काढायला देऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, लोखंडाचा कण बुबुळात राहिला तर गंजाचं कडं धरतो. खोल कापलं तर दाबून धरा, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते त्यांना सांगा.

कड घासायची राहिली. कापून झाली की कापताना असते तेवढीच धारदार कड घेऊन चकती पडलेली असते आणि लोक तिथेच मोजे काढून हात फिरवून बघतात. दोन्ही बाजूंनी कानस मारा, कानस पुढे जाताना कापते, मागे घेताना उचला. गोल अगदी नेमका पाहिजे असेल तर ग्राइंडर किंवा सँडर टेबलाला पक्का बसवून समोर फळी, फळीत खिळा, खिळ्यावर चकती, आणि चकती हाताने हळू फिरवायची. बोल्टने ड्रिलच्या चकमध्ये अडकवून फिरवायची आणि कानस लावायची हे छोट्या चकतीला कुणी करत असेल, 12 इंचाला नाही.

धुराड्याला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा का नको हेही सांगतो, तुम्ही एमएस म्हणालात ते बरोबरच आहे. जस्त 419 अंशाला वितळतं, आणि फार तापलं तर त्याचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, एक-दोन दिवसांत उतरतो पण हाल होतात. थंड असताना कात्रीने कापायला जीआय काही वाईट नाही, प्रश्न तापवायचा आणि वेल्डिंगचा आहे.

आणि हे सगळं वाचून नको वाटलं तर तेही ठीक आहे. भोसरी, शिरोली, अंबड-सातपूर, कुठल्याही औद्योगिक भागात लेझर कटिंगवाले आहेत, कागदावर बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी लिहून द्या, अनेकजण एक नग पण कापून देतात, कड पण बरी येते. अॅल्युमिनियम किंवा पितळेची पाहिजे असती तर भांड्यांच्या धंद्यात तयार गोल मिळतात, त्यांना सर्कलच म्हणतात, वजनावर विकतात.

घरीच करणार असाल तर छताला बसवायची चार-सहा स्क्रूची भोकंही पत्रा प्लायमध्ये बांधलेला असतानाच पाडून घ्या, बाहेरचा गोल कापायच्या आधी. छतातलं भोक पाइपपेक्षा मोठं ठेवा, कॉलर ते झाकते. लाकडी वासा किंवा रीप जवळून जात असेल तर एकेरी पत्र्याच्या पाइपपासून दीड फूट लांब पाहिजे, तेवढी जागा नसेल तर धुराडं सरकवा. आणि कॉलरच्या सांध्यात साधा सिलिकॉन भरू नका, चूल दोनदा पेटली की तो सोलून निघतो, भट्टीला वापरतात ती उष्णतेला टिकणारी दोरी मिळते, ती ठासा.